पंखा मंदावला, तर दोष नेमका कुठे?

पाऊस ओसरून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, की छताच्या पंख्याची गती कमी झाल्याचे जाणवू लागते. बहुतेक जण विजेच्या दाबाला दोष देऊन मोकळे होतात. दाब खरोखरच कमी असेल, तर घरातील सगळेच पंखे मंदावतील. एकच पंखा रेंगाळत असेल, तर बिघाड त्याच पंख्यात आहे; आणि तो बहुधा मोटारीत नसून तिच्याजवळच्या एका छोट्या डबीत असतो.

ही डबी म्हणजे कपॅसिटर. वायरमनच्या भाषेत कंडेन्सर. साध्या पंख्याच्या मोटारीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. दोहोंतील प्रवाह एकाच वेळी चढला-उतरला, तर पंख्याला फिरवणारे चुंबकीय क्षेत्र तयारच होत नाही. कपॅसिटर एका गुंडाळीतील प्रवाहाची वेळ किंचित पुढे सरकवतो आणि क्षेत्र फिरू लागते. त्याची क्षमता सामान्यतः अडीच मायक्रोफॅरड असते. आत प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातूचा अत्यंत पातळ थर असतो. विजेचा दाब अचानक उसळला, की पट्टीला सूक्ष्म छिद्र पडते आणि भोवतीचा धातू उडून जातो. कपॅसिटर त्यातूनही तगतो, पण दर वेळी क्षमता कणभर घटते. पंखा एका दिवसात नव्हे, तर वर्षानुवर्षे मंदावत जातो तो यामुळेच.

कपॅसिटर पूर्ण गेला, की पंखा नुसता गुणगुणतो आणि ढकलावा त्या दिशेने फिरू लागतो. खूण जवळपास निर्णायक असली, तरी ती तपासण्यासाठी चालू पंख्याला हात लावू नये. असा पंखा चालूही ठेवू नये. गुंडाळी तापून जळली, तर किरकोळ दुरुस्तीचे काम मोटार भरून घेण्यापर्यंत जाते.

मेन स्विच बंद करून पाते हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरून हळूहळू थांबले, तर बेअरिंग ठीक आहे. खरखर किंवा अडथळा जाणवला, तर बेअरिंग बदलावे लागेल. कपॅसिटर बदलताना मूळ क्षमतेचाच घ्यावा. ‘थोडा मोठा घाला, वारा वाढेल’ हा सल्ला ऐकू नये. वारा वाढतो, पण मोटारही अधिक तापते. हे काम वायरमनकडूनच करून घेणे इष्ट, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यांत मात्र ही डबी नसते. तिथे दोष बहुधा इलेक्ट्रॉनिक सर्किटचा निघतो.

टेबल पंख्याचा आस सुकला, तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. स्वयंपाकघरातले खोबरेल मुळीच घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते.

गोव्याच्या किनारपट्टीत याहून गंभीर प्रश्न गंजाचा आहे. खाऱ्या, दमट हवेत छतातील हूक आणि पंख्याची दांडी पेलणारा बोल्ट झिजतात, आणि ते वरच्या वाटीत झाकलेले असल्याने कुणाच्या नजरेस पडत नाहीत. बोल्टाच्या टोकाची दुमडलेली पिन गंजून तुटली, तर पंख्याच्या थरथरीने नट सुटत जातो. कपॅसिटर बदलायला वायरमन शिडीवर चढलाच आहे, तर ती वाटी खाली सरकवून पिन, बोल्ट आणि हूक पाहायला त्याला आवर्जून सांगावे.