कुलुपे इकडे, गर्दी तिकडे

अधिक अपत्ये होऊ द्या, असे आवाहन चंद्राबाबू नायडू यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये केले. आपल्या समाजातही हा सूर उमटतो, आणि तो अकारण नाही: २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैनांचा जननदर अवघा १.२ होता. तथापि रत्नागिरीकराने क्षणभर थांबावे. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. ठाणे जिल्हा मात्र एक कोटी दहा लाखांवर गेला. येथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण कर्ते हात मुंबईस. पेढीचा वारस जन्मला आहे; तो लोकलला लोंबकळतो आहे, इतकेच. गणपतीत घरे उघडतात, दुकानांत गिऱ्हाईक दिसते. अनंत चतुर्दशी सरली की पुन्हा कुलुपे.