द्वादशीच्या ताटातली वाघाटी बांधावर राहू द्या

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना ताटात वाघाटीची भाजी पाहिजे, हा जुना रिवाज. काही ठिकाणी या फळाला गोविंदफळ असंही म्हणतात. वर्षभर जिच्याकडं कुणी बघत नाही, ती वाघाटी त्या वेळी बाजारात वाट्यावर विकली जाते. पण ती बांधावर उभी राहून काय काम करते, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नाही.

ओळखायची कशी?

वाघाटी हे काटेरी झुडूप आहे. एकटी असली तर पसरते, शेजारी बोर-बाभूळ असली की वेलासारखी वर चढते. पानाच्या देठापाशी दोन-दोन काटे असतात, वाघनखासारखे मागं वळलेले. सदरा अडकला तर पुढं ओढून सुटत नाही, मागंच सरावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलं येतात. फूल उमलताना पांढरं असतं, मग गुलाबी-तांबडं होतं. म्हणून एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात. फळ लिंबाएवढं, गोल आणि हिरवं. पिकलं की लाल.

भाजी कच्च्या फळाची करतात. फळ कडू असतं, म्हणून बिया काढून, उकडून, पाणी पिळून टाकतात. ओळख पक्की नसेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय रानातलं कुठलंच फळ खाऊ नका.

अळ्या दिसल्या तर घाबरू नका

पावसाळ्यात कोवळ्या पाल्यावर हिरव्या अळ्या दिसतात. अळी म्हटली की आपला हात फवारणीच्या पंपाकडं जातो. पण या अळ्या फुलपाखरांच्या. पांढरी-पिवळी, पंखांच्या टोकाला नारिंगी रंग असलेली फुलपाखरं वाघाटी आणि तिच्या भाऊबंदांच्या पाल्यावर अंडी घालतात. या पाल्यात मोहरीसारखं उग्र द्रव्य असतं. इतर बऱ्याच किड्यांना ते सोसत नाही, या अळ्यांना मात्र पचतं. त्या तुमच्या तुरीवर, कापसावर जात नाहीत. झुडूप गेलं तर या फुलपाखरांनी अंडी घालायची कुठं?

काट्याचा आसरा

काटेरी जाळीत मांजर, कुत्रं सहज शिरत नाही. म्हणून लहान पाखरं तिथं घरटी करतात. तितर, मुंगूस, सरडे खाली आसरा घेतात. पाखरं पिलांना अळ्या-किडे भरवतात, तेही आपल्याच पिकातले. पिकलेली फळं पाखरं खातात, त्यातूनच बी दुसऱ्या बांधावर पोचतं. मुळ्या माती धरून ठेवतात ते वेगळंच.

माझी चूक

चार वर्षांमागं मी जेसीबी लावून पूर्वेचा बांध साफ केला. दोन सऱ्या वाढल्या. पुढच्याच पावसाळ्यात तो बांध दोन जागी फुटला आणि माती नाल्यात गेली. त्यात वाघाटीचं जुनं झुडूपही गेलं होतं. द्वादशीला आई म्हणाली, "जा आता बाजारात, दारची वस्तू इकत आण." गावातल्या बऱ्याच बांधांची आज हीच गत आहे. बांध कोरायचा, उरलेलं पेटवायचं आणि तार ओढायची.

काय करता येईल?

- वाघाटी वाटेत येत असेल तर फांद्या छाटा, मुळासकट उपटू नका.
- उन्हाळ्यात बांध पेटवू नका.
- सगळी फळं तोडू नका, थोडी पाखरांसाठी पिकू द्या.
- पिकल्या फळाचं ताजं बी पावसाळ्यात बांधाच्या कडेला टोचा. वाढ सावकाश होते, घाई करू नका.

मीही पूर्वेच्या बांधाला बी टोचलंय. रोपं अजून गुडघ्याएवढीच आहेत. आईला मात्र यंदाही बाजारातूनच वाटा आणून द्यावा लागणार.