जुने उत्तर केव्हा चालते?

सकाळी मुख्याध्यापक विचारतात, "पाचवी ते दहावीच्या पटावर मुली किती?" लेखनिक सगळ्या वर्गांची हजेरीपत्रके काढतो, मोजतो, आकडा सांगतो. दुपारी तालुक्याहून फोनवर हाच प्रश्न येतो. पुन्हा मोजायचे, की सकाळचा आकडा सांगायचा? आपल्यापैकी बहुतेक जण सकाळचाच सांगतील. पण मधल्या सुटीत एखादी मुलगी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेली असेल तर?

डेटा वेअरहाऊससमोर, म्हणजे माहितीच्या प्रचंड कोठारासमोर, हाच पेच असतो. अशी कोठारे आता दूरच्या कंपन्यांच्या संगणकांवर भाड्याने मिळतात. गूगलचे बिगक्वेरी, अॅमेझॉनचे रेडशिफ्ट आणि स्नोफ्लेक ही त्यांतली नावाजलेली.

थोडा हिशेब करू. 1 टेराबाइट म्हणजे 10 लाख मेगाबाइट. एका चकतीवरून सेकंदाला 200 मेगाबाइट वाचले जातात असे धरले, तर सगळे वाचायला 5000 सेकंद, म्हणजे सुमारे 83 मिनिटे लागतील. काम 100 संगणकांत वाटले तर 50 सेकंद. (प्रत्यक्षात लागतील तेवढेच स्तंभ वाचतात, त्यामुळे वेळ आणखी वाचतो.) एवढ्या खटाटोपातून हाती येणारे उत्तर मात्र कधीकधी एकच संख्या असते! ती जपून ठेवायला जागा कितीशी लागणार?

म्हणून ही कोठारे उत्तरे राखून ठेवतात. या साठ्याला कॅश म्हणतात. रोख रकमेशी त्याचा संबंध नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला. बिगक्वेरीत असे उत्तर साधारण 24 तास राहते. स्नोफ्लेकमध्येही 24 तास, पण ते पुन्हा वापरले की मुदत वाढते, जास्तीत जास्त 31 दिवसांपर्यंत. रेडशिफ्टमध्ये ही सोय 2017 साली आली. बिगक्वेरीत किती माहिती वाचली यावर पैसे आकारण्याची पद्धत आहे. राखलेले उत्तर मिळाले तर त्याचे पैसे पडत नाहीत.

राखणे सोपे. अवघड आहे ते केव्हा टाकायचे हे ओळखणे.

आधी, प्रश्न तोच आहे हे कसे कळते? बहुधा अक्षरशः जुळवून. बिगक्वेरीत एखादी मोकळी जागा जास्त पडली तरी प्रश्न सहसा नवा समजला जातो. हा अडाणीपणा वाटेल. पण कोणतेही दोन प्रश्न अर्थाने एकच आहेत का, हे प्रत्येक वेळी ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे तर्कशास्त्राने सिद्ध केले आहे. मग अक्षरे जुळवलेली बरी.

माहिती बदलली नाही, हे कसे कळते? सगळी पुन्हा वाचून पाहिली तर वाचवले काय? इथे स्नोफ्लेकची युक्ती पाहण्यासारखी आहे. तिथे तक्ता लहान लहान तुकड्यांत साठवतात आणि लिहिलेल्या तुकड्यात कधीही खाडाखोड करत नाहीत. एक ओळ बदलायची असली तरी नवा तुकडा लिहायचा आणि तुकड्यांच्या यादीत जुन्याच्या जागी नव्याची नोंद करायची. आता माहिती वाचायलाच नको, यादी पाहिली की पुरे. यादी तीच असेल तर उत्तरही तेच.

याची किंमतही आहे. माहिती तीच राहून तुकड्यांची नुसती फेरमांडणी झाली, तरी राखलेले उत्तर बाद होते. बरोबर असलेले उत्तर वाया जाते. आम्हाला हा सौदा योग्य वाटतो, कारण पुन्हा मोजण्यात थोडा वेळ जातो, पण चुकीचा आकडा तालुक्याला गेला तर तो पुढे जिल्ह्याला जातो.

काही प्रश्नांचे उत्तर माहिती न बदलताही बदलते. "गेल्या तासाभरात किती नोंदी झाल्या?" हा प्रश्न दहाला आणि अकराला वेगळा. प्रश्नात 'आत्ताची वेळ' किंवा यदृच्छ संख्या मागितली असेल, तर राखलेले उत्तर वापरत नाहीत.

नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात. प्रश्न एकदा विचारला, 40 सेकंद लागले. मग संगणकांची संख्या दुप्पट केली, तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर क्षणात आले! जास्त संगणकांचा केवढा प्रताप, असे वाटते. पण दुसऱ्या वेळी ते संगणक कामाला लागलेच नव्हते. म्हणून वेग मोजताना आधी कॅश बंद करतात.