गर्भिणीचा रक्तदाब आणि घरचे ताट

पैठणासारख्या गावी आठव्या महिन्यात सुनेचे पाय सुजले म्हणजे वडीलधाऱ्या बायका 'पहिलटकरणीला असे व्हायचेच' असे म्हणतात; डोके ठणकले तर पित्ताला बोल लावतात. बहुधा ते खरेही असते. परंतु याच तक्रारींच्या आड कधी गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार दडलेला असतो. तो विकोपास गेला म्हणजे आकडी येऊन आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतते. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय येथून सुमारे 50 किलोमीटर. तेवढी वाट आकडी पाहत नाही.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 वर जातो व लघवीतून प्रथिन जाऊ लागते, ही त्याची खूण; कारण नव्हे. सुनेचा तापट स्वभाव तर नव्हेच! वार नीट रुजली नाही म्हणजे तिच्यातून अपायकारक द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात, असे संशोधक मानतात. पण ती नीट का रुजत नाही? पुण्यात भारती विद्यापीठाच्या डॉ. साधना जोशी व सहकाऱ्यांनी याचा शोध चयापचयात, म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे शरीरात पुढे काय होते त्यात, घेतला. शरीरात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य सतत निर्माण होते. फोलेट व बी-12 ही जीवनसत्त्वे त्याचे उपयुक्त द्रव्यात रूपांतर करतात. ती कमी पडली की ते रक्तात साचून रक्तवाहिन्यांच्या अस्तरास बाधते. या विकाराच्या स्त्रियांत होमोसिस्टीन अधिक व डीएचए हे स्निग्धाम्ल कमी, असे त्यांना आढळले. हे कारण की परिणाम, याचा निवाडा मात्र व्हावयाचा आहे. गोळ्या घेतल्या की विकार टळला, असे कोणी समजू नये.

तरीही आपल्या घरांनी विचार करावा. पालेभाजीत फोलेट असते, बी-12 नसते. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच यावयाचे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 मध्ये आरंभिलेल्या अभ्यासात बहुसंख्य गर्भिणींत ते उणे आढळले. आणि शेवटच्या पंगतीस बसणाऱ्या सुनेपर्यंत दह्याचे भांडे येते तेव्हा त्यात काय उरलेले असते, हे आपण जाणतोच. गर्भिणीने शेवटी जेवण्याची ही रीत मला तर अक्षम्य वाटते.

कॅल्शियमविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. आहारात ते कमी असलेल्या स्त्रियांस ते दिल्याने धोका उणावतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूर व टांझानिया येथील चाचण्यांत रोजचे 500 मिलिग्रॅम 1500 मिलिग्रॅमच्या तोडीचे ठरले. मीठ तोडण्याने मात्र हा विकार टळत नाही. पूर्वी तो झालेल्या स्त्रीने पुढच्या खेपेस तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांस गाठावे. अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन वेळीच सुरू करता येते. आणि डोळ्यांपुढे अंधारी, असह्य डोकेदुखी वा छातीखाली कळ आली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रात्रीच 108 ला फोन करून गाडी बोलवावी.