‘हिनंच केलं असणार!’

आमच्या सासूबाईंना खुनी दहा मिनिटांत सापडतो. म्हणजे टीव्हीवरचा. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची तेव्हापासूनची त्यांची ही हातोटी. पुढे १९९८ मध्ये ‘सीआयडी’ सुरू झाली, त्यातही तेच शिवाजी साटम, म्हणून सासूबाईंना ती घरचीच वाटली. दया दार तोडायच्या आधी यांचं बोट टीव्हीकडे गेलेलं असायचं, ‘हा बघ, ह्यानंच केलंय.’ आणि बहुतेक वेळा बरोबर! त्यामुळे या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

तर झालं असं, नणंदेची लेक आमच्याकडे राहायला आली. बार्शीची पोर, सोलापूर विद्यापीठातून पत्रकारितेचं शिकलेली. इथल्याच एका दैनिकात काम मिळत होतं. रात्री टीव्हीवर काही धड नव्हतं, तेव्हा तिनं मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, ‘आजी, तुला खुनाची सिरियल दाखवते. पत्रकाराचा खून.’ सासूबाई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन सरसावून बसल्या.

मालिका होती ‘स्कूप’. नेटफ्लिक्सवर २ जून २०२३ ला आलेली, हंसल मेहतांची, सहाच भागांची. मुंबईत जयदेव सेन नावाच्या ज्येष्ठ पत्रकाराला भर रस्त्यात गोळ्या घालतात. आणि संशय जातो जागृती पाठक या क्राइम रिपोर्टरवर. घरी आजी-आजोबा, मामा आणि शाळकरी मुलगा, नवरा नाही. बाई धडाडीची. पहिल्या पानावर आपलं नाव यावं म्हणून धावणारी, दुसऱ्याच्या आधी बातमी आणणारी. जागृतीचं काम करिश्मा तन्नानं केलंय. हो, तीच, ‘क्यों कि सास भी कभी बहू थी’मधली इंदू. सासूबाईंनी तिला लगेच ओळखलं.

पण ओळख एकीकडे आणि न्याय एकीकडे. दुसरा भाग संपायच्या आत निकाल लागला, ‘हिनंच केलं असणार!’

‘का गं आजी?’

‘बघ की. रात्री-अपरात्री गुंडाशी फोनवर बोलायलीय, पोलिसांबरोबर हॉटेलात बसायलीय. पोराकडं लक्ष नाही. आन् त्या मेलेल्या माणसावर जळत होतीच की ही.’

मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. भाची काहीच बोलली नाही. नुसती हसली आणि पुढचा भाग लावला.

शेवटचा भाग संपला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. सासूबाईंचं सूप केव्हाचं खाली ठेवलेलं होतं. भाची म्हणाली, ‘आजी, ही खरी गोष्ट आहे. ती बाई खरी आहे. आणि कोर्टानं तिला निर्दोष सोडलंय.’

ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. ११ जून २०११. पवईत, हिरानंदानी भागात, पावसात मोटारसायकलवरून जाणाऱ्या ज्योतिर्मय डे यांच्यावर मोटारसायकलवरूनच आलेल्या मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. जे. डे म्हणून ते सगळ्यांना माहीत. ‘मिड-डे’ या इंग्रजी वर्तमानपत्रात शोधबातम्यांचे संपादक, वय ५६. गुन्हेगारी टोळ्या, त्यांचे पोलिसांशी धागेदोरे, डिझेलमध्ये भेसळ करणारे तेलमाफिया, असल्या विषयांवर ते लिहायचे. त्याच वर्षी जानेवारीत मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाची चोरी पकडताना जिवंत जाळलं होतं, ते तर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यामुळे डे गेले तेव्हा पहिला संशय तेलमाफियांवरच गेला होता. पत्रकारांनी मंत्रालयावर मोर्चे काढले, सीबीआय चौकशी मागितली. नंतर पोलिसांनी छोटा राजन टोळीतली माणसं पकडली.

आणि २५ नोव्हेंबर २०११ ला पकडलं जिग्ना व्होरा यांना. ‘एशियन एज’च्या मुंबईतल्या क्राइम रिपोर्टर. पोलिसांचं म्हणणं, धंद्यातल्या असूयेपोटी तिनं छोटा राजनचे कान भरले, डे यांच्या मोटारसायकलचा नंबर आणि पत्ता पुरवला. त्यावर मकोका लागला. मकोका म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, त्यात जामीन मिळणं महाकठीण. जुलै २०१२ पर्यंत ही बाई भायखळ्याच्या तुरुंगात होती, मुलगा लहान, घरात म्हातारी माणसं.

निकाल लागला २ मे २०१८ ला. छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप. जिग्ना व्होरा निर्दोष. त्याविरुद्ध अपील झालं, ते २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही फेटाळलं.

मला आठवतं, २०११ च्या डिसेंबरात सकाळी चहाबरोबर मी हे सगळं वाचत होते. वाचत कसली, चघळत होते. त्या दिवसांत तिच्याबद्दल काय काय छापून आलं नाही? ती कुणाबरोबर फिरायची, कुणाशी हसून बोलायची, तिला बातम्या ‘कशा’ मिळायच्या. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘असे सूत्रांनी सांगितले’. आमच्या भिशीत तेव्हा एक पूर्ण दुपार याच विषयावर गेली. खिचडी खाता खाता आम्ही आठजणींनी खटला चालवला, साक्षी-पुरावे घेतले आणि शिक्षाही देऊन टाकली. ‘एवढं कशाला पुढं पुढं करायचं बाईमाणसानं’ हे वाक्य कुणी म्हटलं ते मला पक्कं आठवतंय, पण इथे लिहीत नाही. कारण ते मीच म्हटलं होतं.

आणि २०१८ मध्ये ती सुटली, ते? ते मी वाचलंच नाही. आलं असणार पेपरात, नक्कीच आलं असणार. पण अटकेची बातमी जशी रोज रोज दारात येऊन पडत होती, तशी सुटकेची पडली नाही. एक दिवस आली आणि रद्दीत गेली. त्या मधल्या सात वर्षांत माझ्या डोक्यात ती बाई खुनातली सामील म्हणूनच राहिली होती. माझ्या भिशीतल्या उरलेल्या सातजणींच्या डोक्यात तर ती अजूनही तशीच असेल.

‘स्कूप’ बघताना सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. बंदुकीच्या गोळ्या दोन-चार मिनिटांत संपतात. मग पाच भाग आपण काय बघतो, तर एक मोठा पोलीस अधिकारी चहा पाजता पाजता पत्रकारांच्या कानात एकेक गोष्ट कशी सोडतो, आणि काल जागृतीच्या खुर्चीशेजारी बसणारेच ती कशी छापतात. आणि गंमत अशी (गंमत कसली!) की जागृतीही काल-परवापर्यंत हेच करत होती. तिच्याही बातम्यांत ‘सूत्रे’ होती. तिनंही कुणाच्या तरी आयांना, बायकांना असंच पहिल्या पानावर आणलं असेल. मालिका तिला साधीभोळी दाखवत नाही, हे मला आवडलं. आपल्या मालिकांमध्ये निर्दोष बाई म्हटली की ती तुळशीला पाणी घालणारी, डोक्यावरून पदर घेणारीच लागते. ही तशी नाही. ही तोंडाळ आहे, महत्त्वाकांक्षी आहे, कधी कधी चक्क आवडत नाही. तरी तिनं खून केलेला नाही. न आवडणारी बाईसुद्धा निरपराध असू शकते, हे आमच्या सासूबाईंना पटायला सहा भाग लागले. मला तर बारा वर्षं लागली.

जिग्ना व्होरा यांनी तुरुंगातल्या दिवसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, २०१९ मध्ये ते आलं, त्यावरूनच ही मालिका बेतलीय. मालिकेतली नावं वेगळी, काही प्रसंग रचलेले, तेव्हा सगळंच अक्षरशः खरं समजायचं नाही. मालिका उभी करण्यात हंसल मेहतांबरोबर नाव आहे मृण्मयी लागू-वायकूळ यांचं. आपल्या रीमाची लेक. हे कळल्यावर मला एकदम ‘सिंहासन’ आठवला. १९७९ चा सिनेमा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, जब्बार पटेलांचा. त्यात रीमा होत्या. आणि त्यात निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस, मंत्रालयात खुर्चीसाठी चाललेला सगळा खेळ उघड्या डोळ्यांनी बघणारा. सगळं ठाऊक असून काही करता येत नाही, म्हणून शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. आईच्या सिनेमातला पत्रकार भ्रमिष्ट झाला. लेकीच्या मालिकेत एक पत्रकार जिवानिशी जातो आणि दुसरी तुरुंगात जाते.

त्या रात्री बोलता बोलता भाचीनं आणखी एक सांगितलं. राजापूरचे शशिकांत वारिशे. कोकणातल्या रिफायनरीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूनं ते लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली, रिफायनरीच्या बाजूच्या, जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाबद्दल, बड्या नेत्यांच्या शेजारी ज्याचा फोटो फलकावर झळकला होता. त्याच दिवशी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला जीपनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्याच्यावरच गाडी घातल्याचा आरोप आहे. खुनाचं कलम लावायला पत्रकारांना आधी निषेध करावा लागला. आणि हे पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रात. २०१७ मध्येच झालाय हा कायदा.

सासूबाईंनी विचारलं, ‘घरी कोण होतं त्याच्या?’

‘म्हातारी आई. आणि शिकणारा मुलगा.’

सासूबाई उठल्या आणि देवघरातला दिवा बंद करून आल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता खरा प्रश्न घरातलाच होता. भाचीला दैनिकात जे काम मिळत होतं ते गुन्हे वार्ताहराचं. पोलीस चौक्या, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट. तिच्या वडिलांनी फोनवर साफ सांगितलं, ‘नोकरी कर, पण ते काम नको. महिला पुरवणीत बघ म्हणावं काही. पाककृती, हळदीकुंकू, मुलाखती. जिवाला घोर नाही.’ (म्हणजे माझ्यासारखं. मला जरा लागलं, पण असो.) त्यांचंही काय चुकलं? बापाचं काळीज. डे आणि वारिशे यांची नावं त्यांनीही वाचलेली आहेतच की. आणि गोळीची भीती त्यांनी बोलून दाखवली, दुसरी भीती नाही दाखवली. ती म्हणजे, लोक काय म्हणतील. पोरीचं लग्न व्हायचंय.

भाची रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन बाहेर पडली. पार्क चौकाकडे काम होतं, येताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी दोघी थांबल्या. १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, हे सोलापूरच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. पण यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे, हे किती जणींना ठाऊक आहे? त्याच मार्शल लॉत ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगात टाकलं होतं. भाचीनं हे सगळं आजीला तिथंच उभ्या उभ्या सांगितलं असावं, कारण घरी आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, ‘इतकी वर्षं त्या पुतळ्यावरनं जातीय मी. एकदा बी कुणी सांगितलं न्हाई, त्यातला एक पेपरवाला होता म्हणून.’

रात्री त्यांनी स्वतःच बार्शीला फोन लावायला सांगितला. ‘जावईबापू, पोरगी माझ्याकडं हाय. कामावर कधी जाती, कधी येती, ते मी बघते. तुम्ही झोपा निवांत.’ पलीकडून बरंच काही ऐकू येत होतं. सासूबाई ‘हं’, ‘हं’ करत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, ‘आन् तिला पाककृती येत न्हाईत हो. परवा पिठलं केलं तर गुठळ्या झाल्या.’

महिना दोन महिने झाले आता. रात्रपाळीला भाचीला यायला साडेअकरा-बारा होतात. ऑफिसची गाडी सोडते. सासूबाई कडक भाकरी, शेंगांची चटणी झाकून ठेवतात आणि टीव्हीचा आवाज बारीक करून बसून राहतात. परवा सकाळी समोरच्या काकू गच्चीतून कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, ‘रात्री बारा वाजता कुणाची गाडी आली होती हो तुमच्याकडं? पोरगी हसत उतरली म्हणून विचारलं.’

मी काय उत्तर द्यावं म्हणून शब्द शोधत होते. सासूबाई अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तिच्या हापिसची. मी जागीच हुते की. पण तुमाला झोप येत न्हाई का वो रात्रीची?’