हजिऱ्याचे जिवाणू : तीन दशकांचा मागोवा

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाशी, हजिरा नावाचा टापू आहे. त्याच्या लगतच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात इंग्रज व वलंदेज यांची गलबते नांगर टाकीत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईच्या समुद्रातील नैसर्गिक वायू नळाने याच टापूत आणण्यात आला, आणि त्याच्या आधारावर ‘कृभको’ या नावाने सर्वपरिचित असलेल्या कृषक भारती सहकारी संस्थेने खताचा प्रचंड कारखाना उभा केला. संस्थेची नोंदणी १९८० सालची, व्यापारी उत्पादनाचा आरंभ मार्च १९८६ चा, आणि युरियाचे मूळचे वार्षिक मान साडेचौदा लक्ष टनांचे. अशा अवाढव्य कारभारात ऑगस्ट १९९५ मध्ये, त्याच आवारात, वर्षास अवघे शंभर टन जिवाणू खत करण्याची तजवीज झाली, ही बाब बाहेरच्या जगाच्या फारशी ध्यानात आली नसल्यास नवल नाही.

वस्तुतः एकाच कुंपणाच्या आत नत्र बांधण्याच्या दोन परस्परविरोधी रीती नांदू लागल्या होत्या. युरियासाठी लागणारा अमोनिया सिद्ध करावयाचा तर हवेतील नत्र व उज्जवायू यांचा संयोग चारशे अंशांहून अधिक उष्णतेत आणि शेकडो पट वातावरणीय दाबाखाली घडवून आणावा लागतो. तेच कार्य तुरीच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवरील गाठींत राहणारा रायझोबियम मातीच्या साध्या उष्णतामानात, वनस्पतीने दिलेल्या शर्करेच्या मोबदल्यात, निमूटपणे करीत असतो. या गाठींचे रहस्य हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी उलगडले आणि १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने तो जिवाणू वेगळा करून दाखविला. भारतात पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमारास या विषयाचा अभ्यास आरंभिला. म्हणजे हजिऱ्याच्या प्रयोगशाळेस मूलभूत ज्ञान नव्याने मिळवावयाचे नव्हते. ते पाऊणशे वर्षे ग्रंथांत पडून होते.

अडचण निराळीच होती. जिवाणू खत म्हणजे लिग्नाइटच्या भुकटीत मिसळलेले सजीव संवर्धन. ते किण्वनपात्रात विपुल वाढते, पण पाकिटात भरून गुदामात, मालमोटारीत आणि अखेर दुकानाच्या पत्र्याखाली पडले, म्हणजे वैशाखाच्या उन्हात त्यातील जीव झपाट्याने मरू लागतात. युरियाची गोणी वर्षभर पडून राहिली तरी तिच्यातील नत्र बहुतांशी शाबूत असते. जिवाणूंच्या पाकिटाची मुदत मात्र जेमतेम सहा महिन्यांची, तीही सावलीत ठेवल्यास. शिवाय युरिया टाकल्यावर आठवड्यात पीक काळेशार दिसते आणि सरकारी सवलतीमुळे त्याची गोणी स्वस्तही पडते. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यास चोळलेल्या त्या काळ्या भुकटीचे काम डोळ्यांना दिसत नाही. शेतकऱ्याने तिच्याविषयी साशंक राहावे यात त्याचा दोष मला तरी दिसत नाही, कारण मेलेल्या जिवाणूंची पाकिटे त्याच्या पदरी अनेकदा पडली आहेत.

तरीही डिसेंबर १९९८ मध्ये हजिऱ्याच्या या विभागात आणखी दीडशे टनांची भर पडली, आणि पुढे वाराणसी व आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील लांजे येथेही कृभकोने असेच विभाग काढले. पण खरा फेरफार घडला तो कायद्याने. २००६ च्या मार्चपर्यंत जिवाणू खत हे खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेबाहेर होते, म्हणजे पाकिटात जिवाणू किती आणि कोणते, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही निरीक्षकास या आदेशान्वये नव्हता. त्या साली ते आदेशात समाविष्ट झाले, आणि आज भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी व द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत पेशी असाव्यात असा दंडक आहे.

दुसरा फेरफार द्रवरूप खतांचा. आणंद कृषी विद्यापीठाच्या ‘अनुभव’ या द्रवरूप खतांनी गुजरातेत ही वाट रुळविली. बाटलीतील जिवाणू भुकटीतल्यांपेक्षा अधिक काळ तग धरतात आणि ठिबकच्या नळीतूनही सोडता येतात. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यापासून उकाईच्या कालव्यांपर्यंत पसरलेल्या ऊसक्षेत्रास ही सोय मोठीच. उसाच्या अंतर्भागात राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू १९८८ साली ब्राझीलमध्ये कावाल्कान्ते व ड्योबेराइनर या संशोधकांनी प्रकाशात आणला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ‘ॲसिटोबॅक्टर’ या नावाने त्याचा महाराष्ट्रातील ऊसकऱ्यांत केलेला प्रसार हा, माझ्या मते, या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा भाग होय, कारण तेथे पीक आधी पाहिले गेले आणि जिवाणू मागाहून निवडला गेला.

२०२४ साली कृभकोने नोव्होनेसिस या डॅनिश कंपनीच्या साहाय्याने ‘रायझोसुपर’ हे मायकोरायझा बुरशीचे खत बाजारात आणले. मुळे व सूक्ष्मजीव परस्परांस ज्या संकेत-रेणूंनी ओळखतात, तेही त्यात घातलेले आहेत. केवळ जीव पुरविण्यावरून जीव व मूळ यांची गाठ घालून देण्यावर आलेली ही पायरी महत्त्वाची आहे, मात्र तिचे फळ शेतात कितपत उतरते, हे काही हंगाम गेल्यावरच बोलावे.

या तीस वर्षांत एक खोड मात्र सुटलेली नाही. सरकारी दफ्तरांत जिवाणू खताचा हिशेब अजून टनांत मांडला जातो, जणू तीही युरियाचीच धाकटी बहीण. तयार झालेले टन नव्हेत, तर पेरणीच्या दिवशी जिवंत असलेले जिवाणू मोजण्याची व्यवस्था व्हावयास हवी. नमुने कारखान्याच्या दारात घेण्याऐवजी तालुक्याच्या दुकानांतून, तेही मे-जून महिन्यांत, घेतले जावेत. तोवर नंदुरबार-नवापूरच्या असोत की मांडवी-बारडोलीच्या, शेतकऱ्यांनी पाकिटावरील अंतिम मुदत वाचल्यावाचून आणि ते दुकानात कोठे ठेवले होते हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.