पुठ्ठ्याच्या नळ्यांची घरे

कापडाच्या दुकानात ठाण संपले की आतली पुठ्ठ्याची जाड नळी उरते. दुकानदार ती कोपऱ्यात टाकतो, पोरे तिची तलवार करून खेळतात. असल्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या करून माणसांना राहण्याजोगी घरे बांधली, असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण जपानात ती बांधली गेली, आणि बांधणाऱ्या हातांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचे हातही होते.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे तिथल्या कोबे शहराला भूकंपाने हादरवले. सहा हजारांवर माणसे गेली. शहराच्या नागाता भागात व्हिएतनाममधून आलेली निर्वासित कुटुंबे राहत होती. सरकारने तात्पुरती घरे दिली, पण ती दूर. तिकडे जावे तर हातचे काम सुटते. म्हणून ही माणसे बागेतच प्लास्टिकच्या तंबूत राहिली. शिगेरू बान नावाचे वास्तुशिल्पी तिथे गेले, ‘तुम्ही इथून का हलत नाही?’ हे समजून घेतले, आणि विद्यार्थी व स्वयंसेवक जमवून कामाला लागले.

पायाला बिअरच्या बाटल्यांचे प्लास्टिकचे क्रेट, त्यांत वाळूच्या पिशव्या. भिंतीला सुमारे ११ सेंटिमीटर जाडीच्या नळ्या, वर तंबूचे कापड. आत साधारण १६ चौरस मीटर जागा. पुठ्ठा भिजणार नाही का, असे तुम्ही विचाराल. नळ्यांना पाणी न शोषणारा लेप देता येतो, आणि दोन नळ्यांच्या फटीत पाणी अडवणारी स्पंजाची पट्टी बसवली होती. यंत्र नको, गवंडी नको. चार माणसांनी उचलून बसवावे इतके ते हलके काम.

हलके, हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट. जमीन हलते तेव्हा भिंत जितकी जड तितका तिला बसणारा हिसका मोठा. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात काय झाले, ते जुन्या माणसांना विचारा. हात-दीड हात रुंदीच्या दगडी भिंती, जोडायला नुसता चिखल, आणि डोक्यावर माळवदाची टनावारी माती. कित्येक घरांत लाकडी खांब जागेवर उभे राहिले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले.

पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा नळ्यांचे हेच घर भुजला नेले. क्रेट मात्र मिळेनात. (गुजरातेत दारूबंदी, मिळणार कुठून!) मग पडलेल्या घरांचाच राडारोडा पायात भरला आणि वर आपल्यासारखीच मातीची जमीन केली. छपराला चिरलेल्या बांबूच्या कमानी, दोन चटया आणि मध्ये ताडपत्री. त्रिकोणी भिंतीच्या वरच्या भागात चटईला बारीक भोके, म्हणजे आत चूल पेटवली तरी धूर बाहेर जातो आणि जाता जाता डासही पळवतो. आम्ही कृषी खात्यातली माणसे नेहमी सांगतो की वाण एकच असला तरी लागवड रानाप्रमाणे बदलावी लागते. इथे तेच झाले.

१२ मे २००८ ला चीनच्या सिच्वान प्रांतात भूकंप झाला. तेव्हा चंगदू शहरातल्या एका प्राथमिक शाळेसाठी बान यांच्या केइओ विद्यापीठाचे जपानी विद्यार्थी आणि तिथले चिनी विद्यार्थी यांनी मिळून अशाच नळ्यांचे नऊ वर्ग सुमारे ४० दिवसांत उभे केले. दोघांची भाषा वेगळी, दोन्ही देशांचे जुने वैर. पण मुलांना बसायला वर्ग मिळाले.

ही घरे काही पिढ्यानपिढ्या टिकण्यासाठी नव्हती. पक्के घर होईपर्यंतची ती सोय. पक्क्या घराचा हिशेब वेगळा, आणि तिथेही विचारल्याशिवाय आराखडा काढला की फसते. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे मजबूत झाली, पण कित्येक वसाहती शहरी कॉलनीसारख्या आखल्या गेल्या. गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, हा प्रश्न लोकांना नंतर स्वतःच सोडवावा लागला.

तेव्हा गावात शिबिराला आलेली मुले घराचे माप घ्यायला दारात उभी राहिली, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावू नका. गोठा दाखवा, कणगी दाखवा, पावसाळ्यात सरपण कुठे ठेवता ते दाखवा. घरातल्या बाईला चुलीजवळ काय अडते, हे तिच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. आणि भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घातले आहेत की नाही, हे त्यांच्याकडून तपासून घ्या.